मोज्यावरचं नाव

जुलैत इंग्लंडमधल्या माझ्या शाळेला सुट्टी लागली की मी कोकणात हर्णैला येते. पडवीत बसले की शेजारच्या काकूंचा प्रश्न ठरलेला: "तिथली माणसं पोटची पोरं अशी लांब कशी गो ठेवतात?" दरवर्षी काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते. यंदा नीट लिहायचं ठरवलं, कारण हा प्रश्न मलाही छळतो.

उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा निवासी शाळेत मी हाऊसपेरेंट आहे, म्हणजे आपल्याकडच्या रेक्टरबाई. माझ्याकडे 22 मुली, अकरा ते सोळा वर्षांच्या. सातला उठवणं, हजेरी, संध्याकाळचं जेवण, मग प्रेप म्हणजे सक्तीचा अभ्यास, झोपण्याआधी फोन गोळा करणं. सत्राच्या मधल्या सुट्टीत इमारत बंद होते, म्हणून परदेशी मुलींच्या आईवडिलांना तिथलंच कुणीतरी गार्डियन म्हणून नेमून ठेवावं लागतं. बाकी दिवस कुठल्याही वसतिगृहासारखा. अवघड असते ती संध्याकाळ.

गेल्या हिवाळ्यात हाँगकाँगची एक अकरा वर्षांची मुलगी आली. आठला प्रेप संपली की तिला घरची आठवण यायची. त्या वेळी हाँगकाँगला पहाटेचे चार वाजलेले असतात. आईला झोपेतून उठवायचं नाही, हे त्या पोरीनेच ठरवलेलं. आमच्यासमोर ती कधी रडलीच नाही. मेट्रनने, म्हणजे मुलींची देखभाल बघणाऱ्या बाईने, ओळखलं ते जेवणावरून. ही बाई रोज जेवणघरात दाराशी उभी राहून कोण किती वाढून घेतंय, किती टाकतंय ते बघते. ही मुलगी पावाचा तुकडा कागदी रुमालात गुंडाळून न्यायची आणि सकाळी तो उशीजवळ तसाच सापडायचा. मग आम्ही तिची फोनची वेळ सकाळी सातची केली, तिथे दुपारचे तीन. आई ऑफिसच्या जिन्यात येऊन बोलायची, ही इकडे बोलता बोलता मोजे चढवायची. त्या मोज्याच्या काठाला आतून नावाची पट्टी होती. धुलाईत कपडे बदलू नयेत म्हणून सगळ्यांनाच ती लावावी लागते, बहुतेक जणी छापील चिकटवतात. हिची हाताने शिवलेली होती, तांदळाच्या कणीएवढे टाके.

मला आठवीला दापोलीच्या एका वसतिगृहात ठेवलं तेव्हा आईने टॉवेलच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने माझं नाव घातलं होतं. ट्रंकेत फणसपोळी होती. पहिल्याच पावसात ताप भरला आणि दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तो टॉवेल तोंडावर घेऊन मी पडून होते. हे काम पत्करण्यामागे ते दोन दिवस आहेत.

पालगड आपल्याच दापोली तालुक्यातलं. तिथे 1899 साली जन्मलेले साने गुरुजी पुढे अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या आवरत, कपडे धूत, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढत. आपण ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतो आणि तिथेच थांबतो. मला ती कामाची रीत वाटते. माझ्या वेळी साठ मुलींमागे एकच बाई होत्या. मनाने त्या वाईट नव्हत्या, पण कुणाचं ताट भरलेलंच राहिलं हे बघायला त्यांना वेळ कुठून मिळणार? आम्ही 22 जणींमागे चौघी आहोत. तिथे माया जास्त आहे असं मुळीच नाही, माणसं जास्त आहेत. आणि काकू, तिथले आईबापही सप्टेंबरात मुलीला सोडून गाडीत बसले की बराच वेळ गाडी सुरू करत नाहीत. मी खिडकीतून बघते.

माझी भाची यंदा रत्नागिरीला वसतिगृहात राहते. रविवारच्या एसटीने ती परत जाणार, म्हणून काल तिचे मोजे घेऊन बसले.

"आत्या, मुली हसतील गो मला."

"हसू देत."

काकू बघत होत्या. जरा वेळाने त्यांनी चष्मा लावला, दुसरा मोजा उचलला आणि विचारलं, "पहिलं अक्षर कुठे घालू?"