कंत्राटदारांचं रजिस्टर बघायला मला तीन महिने लागले

माझी पीएच.डी. कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांवर आहे. मुलाखती मिळणार नाहीत अशी भीती सगळ्यांनी घातली होती. प्रत्यक्षात पहिली पाळी सुटताना एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर उभं राहिलं की पोरं आपणहून बोलायची. अडलं ते एका कामगार कार्यालयात, आणि 2019 मधली ती गोष्ट आठवली की अजून संताप होतो. म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या गाइड मॅडमचं म्हणणं होतं, "टपरीवर भेटतील तेवढ्यांशीच बोललीस तर नमुना एकांगी होईल. आधी जिल्ह्यातल्या कंत्राटदारांची यादी आण, मग निवड कर." 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे कारखान्याला नोंदणी आणि कंत्राटदाराला परवाना लागायचा. म्हणजे यादी कार्यालयात असणारच, असं धरून मी विद्यापीठाचं पत्र घेऊन गेले.

ही चूक. पत्र पाहिल्यावर "कंपन्यांची एनओसी आणा" असं सांगितलं. दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला बाकावर साडेतीन तास बसवून "पुढच्या आठवड्यात या". त्याच दिवशी बाहेर येऊन 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प घेतला आणि माहिती अधिकाराचा अर्ज भरला. त्यात पीएच.डी.चा उल्लेखसुद्धा केला नाही. कलम 6(2) प्रमाणे माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही. अर्ज स्वतःच्या नावाने करा, संस्थेच्या नको.

एकोणतिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: "सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." तीस दिवसांची मुदत अगदी काठावर सांभाळलेली. हे वाक्य तुम्हालाही मिळेल, बहुतेक सगळ्यांना मिळतं. मीही आठवडाभर तेच खरं धरून बसले होते. मग कंत्राटी कामगार कायद्याखालचे नियम काढून वाचले. नोंदणी अधिकाऱ्याने नोंदणीकृत आस्थापनांचं रजिस्टर ठेवलंच पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. रकानेसुद्धा ठरलेले: कंपनीचं नाव, थेट नेमलेले कामगार किती, कंत्राटदाराचं नाव, कामाचं स्वरूप, कुठल्याही एका दिवशी जास्तीत जास्त किती कंत्राटी कामगार. मला हवं होतं ते सगळं एका पानावर! संकलन करायची गरजच नव्हती.

पहिलं अपील केलं. त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प लागतो आणि उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत करावं लागतं. त्यात तो नियम शब्दशः उतरवला आणि प्रतींऐवजी अभिलेखांची पाहणी मागितली. सुनावणीत माहिती अधिकारी म्हणाले, "ही कंपन्यांची गोपनीय माहिती आहे." मी म्हटलं, "सर, नियमाने ठेवलेलं रजिस्टर आहे, आणि एकाही कामगाराचं नाव मी मागत नाही." अपिलीय अधिकाऱ्यांनी दोनच मिनिटांत पाहणीचा आदेश दिला. ती दोन मिनिटं आधीच कुणी दिली असती तर माझे तीन महिने वाचले असते.

रजिस्टर लाल कापडाच्या बस्त्यात होतं, कपाटावर, पंख्याच्या खाली. कमाल संख्येच्या रकान्यात काही ठिकाणी शाईचा आकडा खोडून पेन्सिलीने दुसरा लिहिलेला होता आणि शेऱ्याचा रकाना जवळजवळ पूर्ण कोरा. हव्या त्या पानांच्या प्रती 2 रुपये पानाने घेतल्या.

यादी हाती आली तरी तीच पूर्ण मानू नका. महाराष्ट्राने कायद्याची मर्यादा 20 कामगारांवरून 50 वर नेली होती, त्यामुळे 50 पेक्षा कमी माणसं लावणाऱ्या कंत्राटदाराला परवान्याची गरजच नव्हती. टपरीवर भेटलेल्या एका मुलाला मी प्रती दाखवल्या. त्याने बोट फिरवत दोनदा पानं पाहिली. "ताई, आमचा ठेकेदार यात नाहीच," म्हणाला. तीन वर्षं तो त्याच गेटमधून आत जात होता. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण या मुलासारख्यांवरच उभं राहिलं, आणि त्यासाठी यादी आणि टपरी दोन्ही लागल्या.

एक राहिलंच. अर्ज शक्यतो 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेवा, महाराष्ट्राच्या नियमांत तसं आहे. "का" विचारू नका, कागद मागा. 21 नोव्हेंबर 2025 पासून कंत्राटी कामगार कायदा नव्या कामगार संहितेत गेला आहे, तेव्हा जुन्या वर्षांचं रजिस्टर मागताना जुन्या कायद्याचं नाव लिहा. आणि आवक खिडकीवरून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका. अपिलात तारखेवरून वाद निघाला, तेव्हा माझ्याकडे तेवढा एकच कागद होता.