आमची चिंचिला व्याली!

आज पहाटे पिंजऱ्यातल्या खोक्यात केसांचा ढीग हलताना दिसला. आमची सोव्हिएत चिंचिला जातीची सशीण व्याली, जोड लावल्यापासून बरोबर 31व्या दिवशी! खोका 28व्या दिवशीच आत ठेवला होता. तळाला वाळलं गवत, वर तिनं स्वतःच्या पोटाचे केस उपटून अंथरलेले. ते हळूच बाजूला केले, तर आत गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली पिल्लं एकमेकांत मुंडकी खुपसून पडलेली. पोटं सगळ्यांची टम्म. जीव भांड्यात पडला.

आईला मात्र दिवसभर घोर, "ही जवळ बसतच नाही गं, उपाशी ठेवती का काय?" सशीण दिवसातून एखाद-दोन वेळाच पाजते, तेही काही मिनिटं. पोट भरलेलं दिसलं की तिला तिच्या मनानं राहू द्यायचं.

ही जात चार-पाच किलोची. नुसत्या तारेच्या जाळीवर तळपायांना जखमा होतात, म्हणून अर्ध्या पिंजऱ्यात लाकडी फळी टाकलीय. ती रोज पुसून कोरडी ठेवायची, यात टाळाटाळ नाही.

खरी काळजी परभणीच्या उन्हाची. 30 अंशांच्या वर सशाला सोसत नाही आणि इथं मे महिन्यात पारा 40 च्या पुढं. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता जाते ती मुख्यतः कानांवाटे. पिंजरे लिंबाखाली हलवतोय, बाजूनं ओलं गोणपाट. उन्हाळ्यात नराचं बीजही कमजोर पडतं, म्हणून पुढची जोड मृगाचा पाऊस झाल्यावरच.

जवळपास कुणाच्या रानात लसूणघास असेल तर कळवा, पाजणारीला चांगला चारा लागतो.