मिनिटांचा भाव आणि कपड्यांच्या घड्या

भांडुपच्या आमच्या सोसायटीत टाकीचे पाणी संध्याकाळी सहा ते सात एवढाच वेळ सोडले जाते. मी फोर्टमधल्या कार्यालयातून घरी पोहोचेपर्यंत आठ वाजतात, पती त्याहून उशिरा येतात. त्यामुळे पाणी भरणे, वाळलेले कपडे काढून घड्या घालणे आणि ओला-सुका कचरा वेगळा करणे ही कामे चौदा वर्षांच्या मुलीने आणि दहा वर्षांच्या मुलाने करावीत, अशी अपेक्षा होती; प्रत्यक्षात ती सासूबाईंच्या अंगावर पडत होती. मी कार्यालयातून फोन करून आठवण करायची, तिकडून ‘हो, करतो’ एवढे उत्तर यायचे आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोके. तेव्हा ज्या वस्तूपायी कामे अडत होती, तिलाच कामाला जुंपावे असे ठरवून जूनमध्ये शाळा सुरू होताच मी हा उद्योग हाती घेतला.

मुलासाठी गूगलचे फॅमिली लिंक, म्हणजे पालकांना आपल्या फोनवरून मुलांच्या फोनवर देखरेख ठेवता येणारे अ‍ॅप, निवडले. पतींचा जुना अँड्रॉइड फोन पूर्ण कोरा करून त्यावर मुलाचे, माझ्या देखरेखीखालचे खाते उघडले, रोजची मर्यादा एक तास ठेवली, रात्री नऊनंतर फोन बंद राहील अशी वेळ लावली आणि शाळेच्या अभ्यासाचे अ‍ॅप मात्र मर्यादेबाहेर ठेवले. या अ‍ॅपमधली वाढीव वेळ देण्याची सोय मला सर्वांत उपयोगी वाटली, कारण तीत नेहमीच्या मर्यादेला धक्का न लावता त्या दिवसापुरती काही मिनिटे पालकांच्या फोनवरून देता येतात. मग दरपत्रक ठरले: कपड्यांच्या घड्यांना १५ मिनिटे, पाणी भरण्याला १०, कचऱ्याला १० आणि कुंड्यांना पाणी घालण्याला ५. काम झाले की आजीच्या फोनवरून मला फोटो पाठवायचा आणि मी लोकलमध्ये उभ्या उभ्या मिनिटे द्यायची, असा व्यवहार होता.

सुरुवात उत्तम झाली. पुढे जुलैतल्या एका दिवशी, रुळांवर पाणी साचून गाडी खोळंबलेली असताना, नीट घातलेल्या घड्यांचा फोटो आला; त्यात पलंगावर खिडकीच्या गजांची उन्हातली सावली लख्ख दिसत होती. त्या आठवड्यात भांडुपमध्ये कोणी ऊन पाहिले नव्हते, कपडे तर पंख्याखालच्या स्टँडवर दमट होऊन लटकत होते. जुना फोटो पुन्हा पाठवण्याच्या या कामगिरीत सासूबाईंचा हात होता हे उघडच होते, पण त्यांना विचारण्याची सोय नव्हती.

फोटोचे फारसे मनावर घेतले नसते. मला खटकले ते कुंड्यांचे. खिडकीच्या ग्रीलमधल्या तुळशीला आणि मिरचीच्या रोपाला पाणी घालण्याची मुलाला पहिल्यापासून आवड होती, ते काम त्याला कधी सांगावे लागले नव्हते. ५ मिनिटांचा भाव लागल्यावर त्या दिवसाची मिनिटे पुरेशी झाली की तो कुंड्यांकडे फिरकेनासा झाला. शाळेत शिकवणाऱ्या माझ्या नणंदेने यावर लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींना आधीच ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे सांगितले होते. काही दिवसांनी पाहिले तेव्हा ती मुले इतरांच्या मानाने निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रांत रमत होती. ज्यांना बक्षीस अवचित मिळाले, त्यांच्या बाबतीत असे झाले नाही. अर्थात ओला कचरा वेगळा करण्याची आवड कोणाला असते, की ती बक्षिसाने मरावी? त्यामुळे त्या प्रयोगाचा धाक मी सगळ्या कामांना लावला नाही. कुंड्या तेवढ्या यादीतून काढल्या आणि बाकीच्या कामांचे मिनिटांतले दर रद्द करून साधा क्रम लावला. मुलाचा फोन दुपारपासून माझ्याकडून बंद असतो, संध्याकाळची कामे झाली की उघडतो आणि त्याचा एक तास सुरू होतो. काम जास्त केले म्हणून तास वाढत नाही, त्यामुळे घासाघीस करण्यासारखे काही उरत नाही. पाण्याची आठवण आता सासूबाईंच्या फोनवरचा पावणेसहाचा गजर करून देतो आणि गजराशी हुज्जत घालता येत नाही, हा त्याचा माझ्यापेक्षा मोठा गुण आहे. कुंड्यांकडे तो काही आठवड्यांनी पुन्हा वळला, तेही मिरचीला फुले धरल्यावर.

मुलीच्या बाबतीत ही वाट बंद होती. तेरा वर्षांवरील मुलांच्या खात्यावर अशी देखरेख ठेवायला त्यांची स्वतःची संमती लागते आणि तिने ती स्पष्ट नाकारली. तिने स्वतःहून हॅबिटिका सुचवले. २०१३ पासून चालत असलेले हे अ‍ॅप रोजच्या कामांचा खेळ करते: काम झाल्याची खूण केली की सोन्याची नाणी मिळतात, रोजचे काम चुकले की आपल्या पात्राचा जीव कमी होतो. गट करून राक्षसाशी लढायला निघाले, तर एकाने काम चुकवल्याचा फटका गटातल्या सगळ्यांना बसतो. तिची अट एवढीच होती की गटात आई-बाबांनीही यायचे आणि आपापली कामे लिहायची. तिच्या यादीत ‘सुका कचरा खाली नेणे’ आणि ‘भांडी लावणे’ आले, माझ्या यादीत ‘रात्रीची भाजी निवडणे’ आणि तिच्या बाबांच्या यादीत, तिच्याच आग्रहावरून, ‘ओला टॉवेल पलंगावर न टाकणे’. पहिल्या लढाईत सर्वांत जास्त मार त्या टॉवेलमुळे बसला आणि तो बाबांना ऐकवताना मुलीने जो सूर लावला, तो माझाच होता.

दिवाळीपर्यंत राक्षसांचे नावीन्य ओसरले. तरी यादी टिकली आहे आणि सहामाही परीक्षेच्या काळात दोघांची कामे आमच्या याद्यांत सरकवणेही तिने शिकून घेतले. मोरीच्या जाळीत अडकलेले केस काढण्याचे काम मात्र अजून कोणीच आपल्या नावावर घेत नाही. त्यासाठी दर रविवारी आम्ही चिठ्ठ्या टाकतो.