त आणि थ

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. पुण्यात विचारलेत, इथे सिंगापुरात गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताघेता विचारलेत: मुलाला चिनी येते ना, मग आता १९व्या वर्षी कॅन्टोनीजच्या शिकवणीला का पाठवता?

मी पाठवत नाही. तो स्वतःहून जातो, आणि त्याचे कारण मी आहे.

त्याला येते ती मँडरिन; कॅन्टोनीज ही वेगळी चिनी भाषा. ‘पाणी पी’ याला मँडरिनमध्ये ‘ह श्वेइ’ म्हणतात आणि सासूबाईंच्या कॅन्टोनीजमध्ये ‘यम सॉय’. यावरून अंतराचा अंदाज यावा. १९७९ मध्ये सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी मँडरिन बोलण्याची मोहीम सुरू केली आणि काही वर्षांतच रेडिओ-टीव्हीवरचे कॅन्टोनीज कार्यक्रम बंद झाले, हे कारण मी आजवर ढालीसारखे पुढे करत आले. ते खोटे नाही. पण माझ्या स्वयंपाकघरात सरकार येऊन बसले नव्हते. सहावीची परीक्षा होईपर्यंत नातवाशी मँडरिनच बोला, असे सासूबाईंना मीच सांगितले होते, तेही त्यांच्याकडूनच शिकलेल्या मोडक्यातोडक्या कॅन्टोनीजमध्ये. त्या ‘हौ, हौ’ म्हणजे ‘बरं, बरं’ म्हणाल्या आणि त्यानंतर त्याच्याशी फारशा बोलल्याच नाहीत, कारण त्यांची मँडरिन बाजारहाटापुरतीच होती.

तीन वर्षांपूर्वी त्या रुग्णालयात होत्या. एका दुपारी तो एकटाच मामाजवळ बसला होता. (आपल्याकडे मामा आईचा भाऊ असतो, त्यांच्याकडे वडिलांची आई.) तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना त्या पुन्हा पुन्हा काही म्हणत होत्या आणि त्याला ‘हौ थुंग’ असे ऐकू आले. ‘थुंग’ म्हणजे दुखणे, हे त्याला मँडरिनमुळे ठाऊक होते. त्याने नर्सला बोलावले, नर्सने डॉक्टरांना विचारून वेदनाशामक इंजेक्शन दिले. मी पोहोचले तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या, पावले चादरीबाहेर आली होती आणि बर्फासारखी गार होती. मी मोजे चढवता चढवता सगळ्यांच्या देखत त्याला म्हणाले, ‘अरे, थुंग नाही, तुंग म्हणाली असेल. थंडी वाजत होती तिला.’ मराठी कानाला त आणि थ वेगळे ऐकू येतात, याचा मला त्या क्षणी अभिमानसुद्धा वाटला, हे लिहिताना आज लाज वाटते.

त्यानंतर त्या नीट शुद्धीवर आल्या नाहीत आणि चार दिवसांनी गेल्या. इंजेक्शनाने काही बिघडले नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मुलगा तेव्हा काहीच बोलला नाही.

परीक्षेची काळजी करणाऱ्या त्या जुन्या मीशी मी अजून भांडते. ती म्हणते, मुलगा मँडरिनमध्ये नापास झाला असता तर दोष कुणाला दिला असतास? मला उत्तर सापडत नाही. दोन्ही भाषा शिकवता आल्या असत्या, असे मी म्हणते, तेव्हा ती विचारते, मग मराठी का नाही शिकवलीस?

दुखण्याला कॅन्टोनीजमध्येही ‘थुंग’च म्हणतात. मला हे तेव्हाही माहीत होते. त्याला आता शिकवणीत कळले. परवा जेवताना त्याने विचारले, ‘आई, मामा थंडीबद्दलच बोलत होती, हे तुला कसं कळलं?’

त्या दुपारी मी तिथे नव्हते.