२१४७४८३६४७ वर अडलेला रविवार

रविवारी दुपारी फोन आला : नवीन ऑर्डर पडतच नाहीयेत. लॉगमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा, ‘इंटिजर आउट ऑफ रेंज’. ऑर्डरींच्या टेबलातला सर्वांत मोठा आयडी, म्हणजे ऑर्डरचा क्रमांक, काढला आणि उलगडा झाला. २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटींच्या वरचा हा आकडा डेटाबेसवाल्याला फोन नंबरासारखा पाठ असतो. चार बाइटच्या पूर्णांकात एक बिट चिन्हासाठी जातो. उरलेले ३१ बिट सगळे १ झाले की हीच संख्या. पुढे जागाच नाही.

एवढ्या ओळी टेबलात नव्हत्याच. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसात पुढचा नंबर देणारा सिक्वेन्स दिलेला नंबर परत घेत नाही, त्यामुळे फसलेल्या ट्रान्झॅक्शनचे, म्हणजे अर्ध्यात रद्द झालेल्या नोंदींचे, नंबर वायाच जातात.

कॉलम थेट ‘बिगइंट’, म्हणजे आठ बाइटचा पूर्णांक, करायचा तर अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जातं, आणि तोवर टेबलाला कुलूप. उणे बाजूचे आकडे मात्र सगळे रिकामे होते, म्हणून सिक्वेन्स −२१४७४८३६४८ पासून सुरू केला. मॅनेजरचा चेहरा पडला, पण ऑर्डर वाहू लागल्या. मग शेजारी नवा बिगइंट कॉलम काढून जुने आयडी थोडे थोडे भरायला लावले. आता नुसतं बसून राहायचं.

टीममधली ज्युनियर गणितात एम.एस्सी. करून आलेली. म्हणाली, “सर, २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे. २ चा ३१वा घात वजा १.”

“३१ मूळ आहे म्हणून?”

“तेवढं पुरत नाही. ११ घ्या : २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.”

मग ती फळ्याकडे गेली. या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६२ ने भागला तर बाकी १ उरायला हवी, आणि ८ ने भागला तर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच उरतात. वर्गमूळ ४६,३४० च्या जरासं पुढे, म्हणजे उमेदवार फक्त ३७३, आणि त्यांतल्याही मूळ संख्यांनीच भागून पाहायचं. गणितज्ञ ऑयलरने सेंट पीटर्सबर्गमध्ये, दृष्टी जवळपास गेलेली असताना, हे काम उरकलं आणि १७७२ साली डॅनिएल बर्नुलीला पत्राने कळवलं. त्यानंतर कित्येक दशकं ज्ञात मूळ संख्यांत हीच सर्वांत मोठी. आम्ही लूप लिहिला. एंटर दाबेपर्यंत संपलासुद्धा. खरं सांगायचं तर आयडीची मर्यादा मूळ असण्याचा डेटाबेसला काडीचा उपयोग नाही. तरी मी सगळं ऐकत राहिलो.

“मग बिगइंटची मर्यादा? २ चा ६३वा घात वजा १?”

तिने कीबोर्डला हातही लावला नाही. “६३ ला ३ ने भाग जातो, सर. म्हणजे २ चा ३रा घात वजा १, अर्थात ७ ने भाग जाणारच. दोनदा जातो.”

पडताळलं. ९२२३३७२०३६८५४७७५८०७ भागिले ४९, बाकी शून्य.

मध्यरात्रीनंतर कॉलम बदलला आणि सिक्वेन्स २१४७४८३६४८ वर आणला. सोमवारी अकाउंट्सचा मेल : काही ऑर्डरींच्या आधी उणे चिन्ह का? ते आयडी आम्ही बदलले नाहीत. रिपोर्टमध्ये आयडीऐवजी तारखेने क्रम लावायला सांगितलं, झालं.