टाइमलॅप्समधली एक पांढरी फ्रेम आणि माझे दोन दिवस

ऑक्टोबरमध्ये पाचनईकडून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो, कोकणकड्यावरून सूर्यास्ताचा टाइमलॅप्स घ्यायचं कधीपासून डोक्यात होतं. दर 5 सेकंदांनी एक फोटो, 40 मिनिटं, म्हणजे 480 फ्रेम्स, सेकंदाला 25 फ्रेम्सने जेमतेम 19 सेकंदांचा व्हिडिओ. ढग कड्याखालून वर येत होते आणि परत दरीत उतरत होते, असं पुन्हा कधी मिळेल देव जाणे. घरी येऊन प्ले केलं तर बाराव्या सेकंदाला कुणीतरी डोळ्यांवर फ्लॅश मारल्यासारखं झालं. फ्रेम नंबर 287, जवळजवळ पांढरीफटक. पोटात गोळाच आला.

आधी वाटलं डिलीट करून टाकू, एकच तर आहे. पण नंबर सलग राहिले नाहीत म्हणून सॉफ्टवेअरने सिक्वेन्सचे दोन तुकडे केले, मग पुढच्या सगळ्या फाइल्स रीनेम केल्या तर त्या जागी ढग टुणकन उडी मारायला लागले, साहजिक आहे, 5 च्या जागी 10 सेकंदांची गॅप पडली ना. 286 ची कॉपी 287 म्हणून टाकली तर ढग तिथे अडखळायचे. ढग हळू असते तर खपलं असतं, पण हे पळत होते.

दुसऱ्या दिवशी ती फ्रेम पहिल्यांदा नीट बघितली, हे खरं तर आधीच करायला हवं होतं. मॅन्युअल मोड, आयएसओ 100, एफ 8 (लेन्समधून उजेड आत येतो त्या भोकाचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा, जितका मोठा तितकं भोक लहान), शटर स्पीड, सगळं शेजारच्या फ्रेमसारखंच. पण 100 टक्के झूम केल्यावर पुढचं गवत ब्लर दिसलं आणि कोपरे काळपट, मग ट्यूब पेटली, लेन्सच्या अ‍ॅपर्चरची दर फोटोपुरती मिटून भोक लहान करणारी पाती त्या एका क्लिकला मिटलीच नाहीत, फोटो निघाला एफ 2.8 वर. फाइलमध्ये एफ 8 च दिसतं कारण कॅमेरा आपण सेट केलेला आकडा लिहितो, पाती खरंच किती मिटली ते त्याला कळत नाही. 8 ते 2.8 म्हणजे 3 स्टॉप, दर स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे आठपट उजेड!

रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरचा सगळा कच्चा डेटा ठेवणाऱ्या फाइलमध्ये शूट केलं होतं म्हणून वाचलो. एक्स्पोजर उणे 3 केलं आणि बरंचसं आकाश परत आलं, तो क्षण काय सांगू. व्हिनेट करेक्शनने कोपरे उजळले. पण सूर्याजवळचे ढग पार जळाले होते, तिथे नुसता राखाडी डाग, डेटाच नाही तर आणणार कुठून. मग 286 वर 288 ची लेयर ठेवली, ओपॅसिटी 50 टक्के, म्हणजे दोन्ही फोटो निम्मे-निम्मे दिसतील असं, आणि मास्क लावून फक्त तेवढाच भाग त्यातून घेतला. ब्लर झालेलं गवत आणि कडा सरळ 286 मधून घेतले. थांबवून बघितलं तर त्या पॅचमध्ये ढगांना दुहेरी कड दिसते, पण एक फ्रेम 40 मिलिसेकंदच टिकते, प्ले केल्यावर मला स्वतःला सापडत नाही.

बाकी सगळे ढग त्या संध्याकाळचे, त्याच क्षणाचे आहेत, माझ्यासाठी हे फार महत्त्वाचं होतं.

आता टाइमलॅप्सला अ‍ॅपर्चर रिंगवाली जुनी मॅन्युअल लेन्स लावतो, पाती एकदा एफ 8 ला मिटवली की दर फोटोला उघडझाप नाही. फक्त फोकस आधी पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर करून घ्या, नंतर व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो.