ओळी थांबल्या की हाक मार

एका चित्रावर मला एक बाण काढायचा होता, एवढेच. ज्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये तो काढता आला असता, त्याची नवी आवृत्ती सोर्सवरून, म्हणजे लिहिलेल्या मूळ कोडवरून, बांधायला घेतली, तर तिने पहिल्याच पायरीवर अडवून सांगितले, की तुझ्याकडचे जीटीके जुने आहे, पुढचे आण. जीटीके म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणांचे तयार सामान. शहाण्या माणसाने अशा वेळी दुसरा प्रोग्रॅम उघडावा, किंवा चित्राखाली ‘डावीकडून तिसरा’ असे लिहून मोकळे व्हावे. मी जीटीकेचा सोर्स उतरवून घेतला, गाठोडे सोडले आणि दुपारी अडीच वाजता टर्मिनलसमोर खुर्ची ओढून बसले.

हे असे करण्याची आता कोणाला फारशी गरज पडत नाही, हे मला ठाऊक आहे. लिनक्सच्या बहुतेक डिस्ट्रोंत, म्हणजे वेगवेगळ्या संचांत, जीटीके तयार मिळते. एक कमांड द्यायची आणि पाणी पिऊन यायचे. डिस्ट्रोची पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबले असते, तर हवे ते जीटीकेही आपसूक आले असते. पण तयार पॅकेज उतरवताना पडद्यावर फक्त टक्के वाढताना दिसतात, आणि टक्क्यांकडे पाहत बसण्यात मला काडीचाही रस नाही.

बटण ही वस्तू संगणकात मुळात नसतेच, याचा आपल्याला किती सहज विसर पडतो. १९८४ साली एमआयटीमध्ये पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम तयार झाली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी रेघा, चौकटी, अक्षरे आणि माऊस कुठे आहे एवढ्याची सोय करून दिली. बटण कसे दिसावे आणि दाबल्यावर त्याने आत जावे की नुसता रंग बदलावा, यात आपण पडायचे नाही असे त्यांनी जाणूनबुजून ठरवले होते. परिणाम असा झाला, की ज्याने त्याने आपापले बटण घडवले, आणि मोटिफ, टीके, एफएलटीके, डब्ल्यूएक्स, क्यूटी, जीटीके अशी बटणांची घराणी उभी राहिली. बर्कलीच्या पीटर मॅटिस आणि स्पेन्सर किंबॉल या दोन विद्यार्थ्यांचा गिंप हा चित्रांचा प्रोग्रॅम आधी मोटिफवर चालत असे. मोटिफला परवान्याचे पैसे पडत, म्हणून त्यांनी स्वतःचीच बटणे केली. जीटीके म्हणजे ‘गिंप टूलकिट’, ते असे. क्यूटीच्या नावाची कथा याहून साधी आहे. तिच्या दोन कर्त्यांपैकी एक असलेल्या हावार्ड नूर्ड यांना त्यांच्या ईमॅक्स या एडिटरमधल्या फाँटात ‘क्यू’ हे अक्षर देखणे दिसले, म्हणून ते घेतले. क्यूटीही मी एकदा सोर्सपासून बांधून पाहिले आहे. तिच्या वेबइंजिन या भागात सगळे क्रोमियम, म्हणजे एक पूर्ण ब्राउझर, सामावलेले आहे हे कळायला मला एक अख्खी रात्र आणि संगणकाची सगळी मेमरी लागली. त्या वाटेने मी पुन्हा गेलेले नाही.

जीटीके मात्र आमच्या घरातले. मी चौथीत असताना दादा कॉलेजात होता, आणि घरातल्या एकुलत्या एका संगणकावर तो जीटीके १.२ कंपाइल करत असे, म्हणजे सोर्सचे मशीनला चालवता येईल असे रूप करत असे. तेव्हा आधी ‘कन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चालवावी लागे आणि ती मशीनला एकामागून एक प्रश्न विचारी. सी कंपायलर आहे का? आहे. तो चालतो का? चालतो. अमुक हेडर फाइल आहे का? आहे. तमुक? नाही. मला ती तोंडी परीक्षाच वाटायची, आणि आपल्या मशीनला एकेका प्रश्नाचे ‘यस’ मिळत गेले की मी मनातल्या मनात गुण मोजायचे. ‘नो’ आले की पोटात गोळा येई. पुष्कळ प्रश्नांना ‘नो’ हेच बरे उत्तर असते, हे दादाने मला सांगायची तसदी घेतली नव्हती.

त्या परीक्षेत अगदी सुरुवातीलाच एक प्रश्न असे, ज्याचा अर्थ मी दादाला विचारला होता. तो म्हणाला, “आपल्या मशीनचं डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारतंय.” इंग्रजीत खरोखरच तसे शब्द होते, ‘बिल्ड एन्व्हायर्न्मेंट सेन आहे का’. रोज उत्तर येई, यस. मग दादा ‘मेक’ हा प्रत्यक्ष कंपाइल करवून घेणारा प्रोग्रॅम सुरू करी, ओळी भराभरा वर सरकू लागत, आणि तो पलंगावर आडवा होता होता मला सांगे, “ओळी थांबल्या की हाक मार.” मी स्टुलावर बसून पहारा देई. ओळी दोन कारणांनी थांबत, काम संपले म्हणून किंवा काम अडले म्हणून. मला त्यांतला फरक कळत नसल्यामुळे माझी हाक दोन्ही वेळा सारख्याच पट्टीत जाई आणि तोही दोन्ही वेळा सारखाच धडपडत उठे.

एका दुपारी त्या प्रश्नाला उत्तर आलेच नाही. त्याऐवजी स्क्रिप्ट थांबली आणि म्हणाली, की नुकतीच तयार केलेली फाइल बाहेरून आलेल्या फायलींपेक्षा जुनी आहे, घड्याळ तपासा. दादा आधी गोंधळला आणि मग इतका हसला, की आई बाहेरून आत आली. “अगं, आत्ता जन्मलेलं पोर बापापेक्षा थोरलं निघालं!” मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेली होती. दर वेळी मशीन सुरू केले, की त्याची तारीख काही वर्षे मागे जाऊन जानेवारीच्या एक तारखेला उभी राही. डोके ठिकाणावर आहे की नाही हे ती स्क्रिप्ट कशावरून ठरवत होती, तर एक नवी फाइल बनवायची आणि सोर्सबरोबर आलेल्या फाइलपेक्षा ती नवी दिसते का, एवढे पाहायचे. माणसांसाठीही याहून फार निराळी कसोटी नसावी. आजची तारीख कोणती, हे डॉक्टरही विचारतातच.

नवी बॅटरी येईपर्यंत मला दुसरी नेमणूक मिळाली. मशीन सुरू झाले, की भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मी वेळ सांगायची आणि दादाने ती डेट कमांडने भरायची. एकदा मी तास काटा एक घर पुढे वाचला. अर्धे जीटीके कंपाइल झाल्यावर दादाच्या ते लक्षात आले आणि त्याने घड्याळ तासभर मागे घेतले, तशी मेकने तक्रार सुरू केली, की या फायलींची वेळ भविष्यकाळातली आहे, घड्याळात काहीतरी घोळ दिसतो, बांधकाम अपुरे राहण्याची शक्यता आहे. दादा रागावला नाही. त्याने सगळ्या ऑब्जेक्ट फायली, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या, पुसल्या, पुन्हा मेक दिले आणि तो पुन्हा आडवा झाला. मी पुन्हा स्टुलावर.

मेकचा त्यात दोष नव्हता, कारण त्याला वेळेखेरीज काहीच कळत नाही. फाइलीत काय लिहिले आहे, बदल महत्त्वाचा की नुसता स्वल्पविराम वाढवला, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सोर्स ऑब्जेक्टपेक्षा नवा असेल तर पुन्हा कंपाइल करा, नसेल तर पुढे चला. त्याचा जन्मही एका वाया गेलेल्या सकाळीतून झाला. बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन एक दिवस चरफडत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. दुरुस्त झालेल्या प्रोग्रॅममधली चूक ते सकाळभर शोधत होते. चूक सुधारली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायचीच राहिली होती. फेल्डमन यांची आदली संध्याकाळही थोडीफार तशाच कामात गेली होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी मेक लिहिले. १९७६ मधली ही गोष्ट. मेकला सूचना देणाऱ्या मेकफाइलीत कमांडच्या आधी टॅबच हवा, स्पेस चालणार नाहीत, ही अटही तेव्हाचीच. ती बदलायला हवी हे फेल्डमन यांना लवकरच जाणवले होते, पण तोवर मेक वापरणारी डझनभर माणसे झाली होती, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी मोडू नये म्हणून त्यांनी टॅब तसाच ठेवला. त्या डझनभर मित्रांच्या सोयीपायी आठ स्पेस आणि एक टॅब यांतला डोळ्यांना न दिसणारा फरक शोधत मी आयुष्यातले काही तास घालवले आहेत. त्या मित्रांविषयी माझे मत अजूनही फारसे चांगले नाही.

आता कन्फिगर गेले आणि मेकही गेले. जीटीके ४ बांधायचे तर आधी मेसन प्रश्न विचारते आणि मग निंजा काम करते. प्रश्न अजून आहेत, त्यांचा मला आनंद आहे. जीटीके ज्यांच्यावर उभे आहे त्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, ते एकेक करून शोधते. जीलिब सापडले, यस. कैरो, यस. ग्राफीन, यस. पँगो सापडले, पण हवे त्यापेक्षा जुने. खरी अडचण बहुधा अशी असते, की लायब्ररी संगणकात असते, तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम रोज उघडत असतात आणि तरी मेसनला ती दिसत नाही, कारण बांधकामाला लागणाऱ्या हेडर फायली ‘डेव्ह’ लावलेल्या वेगळ्या पॅकेजात ठेवलेल्या असतात. ही विभागणी कोणाच्या सोयीची आहे ते मला समजते, जागा वाचते हेही मान्य आहे, पण दर वेळी तोच खड्डा आणि दर वेळी माझे तेच पाऊल.

निंजाविषयी मात्र माझी तक्रार आहे. ते झपाट्याने चालते, प्रोसेसरचे सगळे कोअर जुंपते, सगळे खरे. पण ते ओळी वर सरकवत नाही. एकाच ओळीत इतक्यांपैकी इतके झाले असा आकडा बदलत राहतो आणि प्रत्येक फाइलचे नाव आधीच्या नावावर लिहिले जाते. पहारा द्यायचा कशावर? म्हणून मी ‘व्ही’चा पर्याय लावते. मग प्रत्येक कंपाइलची पूर्ण, लांबलचक कमांड छापली जाते आणि पडदा पूर्वीसारखा वाहू लागतो. यात काहीही फायदा नाही, उलट एखादी वॉर्निंग आलीच तर ती त्या पुरात सापडत नाही. पण जीटीकेबटन डॉट सी, जीटीकेलेबल डॉट सी, जीटीकेस्विच डॉट सी, जीटीकेकॅलेंडर डॉट सी अशी नावे डोळ्यांसमोरून जाताना पाहिली, की रोज जिथे बोट टेकते ती एकेक वस्तू कोणीतरी बसून लिहिली आहे, एवढे तरी ध्यानात येते. दादा आता तयार पॅकेज घेतो. फोनवर मी या पर्यायाचे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “तुला अजून कामधंदा नाही वाटतं.”

पावणेचारला ओळी थांबल्या. मान वळून मागे गेली, हे मात्र कबूल करायला हवे.

मग इन्स्टॉल. मी ते यूएसआर-लोकल या वेगळ्या फोल्डरात केले, म्हणजे डिस्ट्रोच्या जीटीकेला धक्का लागू नये. आणि जीटीकेबरोबर येणारा डेमो सुरू केला, तर तो उघडण्याआधीच मेला. त्याला हवे असलेले एक फंक्शन सापडेना. दोन्ही लायब्रऱ्यांचे नाव तेच, आणि प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधून देणाऱ्या लोडरच्या वहीत अजून जुनीचाच पत्ता. एलडीकॉन्फिग चालवून ती वही नव्याने लिहून घेतली, तेव्हा कुठे डेमोची खिडकी उघडली.

खिडकी उघडली, की मी एकच चाचणी घेते. लिहायची चौकट शोधायची आणि तिच्यात ‘दर्यातून दऱ्यांत’ असे टाइप करायचे. पहिल्या शब्दात रफार यच्या डोक्यावर चढायला हवा आणि दुसऱ्यात तोच र आडवा होऊन यला बिलगायला हवा. नाहीतर समुद्र आणि डोंगरांमधल्या घळी यांत फरक उरत नाही. मग ‘कि’. वेलांटी टाइप करायची कच्या नंतर आणि दिसायची कच्या आधी. जीटीके १.२ ला हे येत नव्हते. २००२ मध्ये जीटीके २ आले ते अक्षरे मांडणाऱ्या पँगोला घेऊन. ग्रीकमधला ‘पॅन’ म्हणजे सगळे आणि जपानीतला ‘गो’ म्हणजे भाषा, असे त्याचे नाव. आता अक्षरांची ही उलटापालट हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि त्यातल्या फारसी ‘हर्फ’चा अर्थ अक्षर असाच आहे. पँगो असलेली खिडकी आमच्या पडद्यावर पहिल्यांदा उघडली, तेव्हा दादाने माझे नाव टाइप केले होते. त्यात एक ऱ्हस्व वेलांटी आहे. ती आपण होऊन डावीकडे सरकली, आणि आम्ही दोघांनी ती पुसून पुन्हा टाइप केली, मग पुन्हा पुसली. असे किती वेळा केले ते आठवत नाही.

आजही ती सरकली. दर्या आणि दऱ्या जागच्या जागी होते. मी डेमो बंद केला आणि बाणाच्या प्रोग्रॅमकडे वळले. मेसनने या वेळी नवे जीटीके ओळखले, यस म्हटले, आणि पुढच्या ओळीत कळवले, की लिबअद्वैता ही जीटीकेवर उभी असलेली लायब्ररीही जुनी आहे, पुढची हवी.

चित्र एव्हाना बाणाशिवायच पाठवून झाले होते आणि ज्यांना पाठवले त्यांना ते समजलेही होते. मी लिबअद्वैताचा सोर्स उतरवून घेतला, व्हीचा पर्याय लावला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.